आवाज जरा जाड करून बोल

ऑफिसात तिला सगळे ‘घोरपड’ म्हणायचे. चूक सापडली की चिकटलीच म्हणून समजा. अहो, तिचं कामच ते! यंत्र गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी तपासायचं आणि अहवालावर सही करायची. तिच्या सहीवाचून एक डबा दाराबाहेर पडत नसे.

या खेपेचा डबा आजाऱ्याच्या उशाशी ठेवायचा होता. ‘मदत’ म्हटलं की नर्सच्या टेबलावर घंटा वाजणार. ज्याला हातही उचलवत नाही त्याला केवढा आधार! साहेबांनी म्हटलं, वाजली. इंजिनिअर मंडळी नुसती पुटपुटली तरी वाजली. घोरपडीने म्हटलं, तर डबा ढिम्म.

“आवाज जरा जाड करून बोल की,” साहेब म्हणाले.

तिने केला जाड. वाजली. सगळे खो खो हसले. तीही हसली, आणि त्या हसण्याची तिला दोन दिवस लाज वाटत राहिली.

तिसऱ्या दिवशी तिने तो डबा घंटेसकट सरळ घरी नेला. सासूबाई खुब्याच्या ऑपरेशननंतर पलंगावर पडून होत्या. त्यांनी एकदा नाही, सात वेळा ‘मदत’ म्हटलं. घंटा मुकी. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासरे ओरडले, “अगं, कसली मदत हवीय तुला?” आणि घंटा ठणाणा वाजली!

“घ्या!” सासूबाई म्हणाल्या. “चाळीस वर्षं माणसांना ऐकू आलं नाही, आता डब्यालाही येईना. तुम्ही शिकलासवरलात ना गं? मग याला नीट शिकवा की!”

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. डब्याला शिकवायला दोन हजार वेळा आवाज भरला होता, तो सगळा ऑफिसातल्या इंजिनिअर मंडळींचा. झाडून सगळे पुरुष. आणि ती त्याच खोलीत होती! हातात यादी धरून, ज्याचा झाला त्याच्या नावापुढे टिक करत. तिचाही आवाज घ्यावा, हे ना त्यांना सुचलं, ना, खरं सांगायचं तर, तिला. या दुसऱ्या गोष्टीचा तिला जास्त राग आला.

सकाळी तिने हे सगळं साहेबांना सांगितलं, तर त्यांनी अहवाल पुढे सरकवला. “सही कर. परवा माल हॉस्पिटलात जायचाय. बायकांचं नंतर बघू. आणि हो, टीम लीडसाठी तुझंच नाव धरलंय.”

सात वर्षं त्या जागेची वाट पाहिली होती तिने. पण सात वेळा हाक मारणाऱ्या सासूबाई डोळ्यांपुढून हलेनात.

“नंतर म्हणजे कधी, साहेब? पहिली बाई हाका मारून मारून गेल्यावर?”

“अगं, माहितीपत्रकात लिहू ना, आवाज जरा जाड करून बोला.”

“टाके घातलेल्या बाईने?”

तिने पेन उघडलं, ‘नापास’ लिहिलं आणि खाली ठसठशीत सही ठोकली.

“मग त्या जागेवर पाणी सोड!” साहेब लालबुंद झाले.

“सोडलं.”

ती तडक बाहेर पडली आणि दिसेल त्या बाईला आवाज भरायला बोलावत सुटली. रिसेप्शनवरची आली, कँटीनवाल्या मावशी ओल्या हातांनी आल्या, झाडूवाल्या दोघी झाडू भिंतीला टेकवून आल्या, वरच्या मजल्यावरच्या कंपनीतल्या ओळखी ना पाळखीच्या बायकाही उतरल्या. दुपारपर्यंत रांग जिन्यात पोचली.

शेवटी साहेब आले. न येऊन करतात काय? सहीशिवाय माल हलणार नव्हता.

“किती वेळ लागणार आहे याला?”

“तुम्ही हात लावलात तर लवकर होईल.” तिने यादी आणि पेन त्यांच्या हातात ठेवलं. “धरा. जिचा झाला तिच्यापुढे टिक करायची. मी केलंय, जमतं.”

मग ती माईकपुढे बसली आणि आपल्या बारीक, स्वच्छ आवाजात म्हणाली, “मदत.”

साहेबांनी रांगेकडे पाहिलं, यादीकडे पाहिलं आणि मुकाट्याने पहिली टिक केली.