मी ‘टिकेल’ म्हणालो होतो

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि आज जरा तावातच बोलणार आहे. बारामतीच्या एका तंत्रनिकेतनाच्या कोठीत मखमली झाकणाखाली पडून आहे, तेव्हा ऐकून तरी घ्या.

साल १९९४. पुण्याहून जीपमध्ये गादीवर बसून मी इथे आलो. माझ्यासाठी खोलीत एसी बसवला. खंडेनवमीला पडद्यावर हळदकुंकू लावले. विभागप्रमुख दादासाहेब सर दारातच ओरडत, "चपला बाहेर!" चपला बाहेर राहत, हे खरे. पण माझ्या कामाला लागणारी माहितीही मुले बाहेरच ठेवून येत, त्याबद्दल कोणी कधी ओरडले नाही.

माझे काम सर्किटची आधीच परीक्षा घेण्याचे. पडद्यावर भाग जोडायचे आणि ते खरोखर जोडले तर काय होईल, हे मी सांगायचे. आता प्रत्येक ट्रान्झिस्टरला, म्हणजे वीज चालू-बंद करणाऱ्या भागाला, व्होल्टेज सोसण्याची एक हद्द असते. ती ओलांडली की तो भंगतो. त्यालाच ब्रेकडाउन म्हणतात. माझ्या पडद्यावरच्या ट्रान्झिस्टरला मात्र ही हद्द ठाऊक नसते, ती वापरणाऱ्याने घालायची असते. कोणी घालत नसे. मग माझा ट्रान्झिस्टर हजार व्होल्टही सुखाने सोसायचा. मुले खूश, सर खूश आणि मी आतल्या आत धुमसत बसायचो.

अशी तीन-चार वर्षे गेली. सणसरची रोहिणी तेव्हा शेवटच्या वर्षाला होती. तिचे चुलते शेतीला लागले, भाऊ कारखान्यात गेला. वडील जोतीराम तेवढे अजून मेंढरे राखत. लांडगे टपलेले असत आणि एकट्याने राखण होत नसे. रोहिणीची आई सारजाबाई यांनी निक्षून सांगितले होते, आता एक जरी कोकरू गेले तर सगळी मेंढरे बाजारात. म्हणून रोहिणीने वडिलांसाठी झटक्याची पेटी केली. बॅटरीवर चालणारी, कळपाभोवतीच्या तारेत झटके सोडणारी. तिनेही हद्द न घालताच मला विचारले. मी ‘टिकेल’ म्हणालो. दुसरे काय म्हणणार? मला उलटा प्रश्न विचारता येत नाही.

काही दिवसांनी जोतीराम ती पेटी घोंगड्यात गुंडाळून थेट माझ्या खोलीत आले. वहाणा अर्थातच बाहेर.

"रोहिणी, तुझं डबडं मेलं. दिवा जळतुय, पर तारंत जीव न्हाय. लांडग्यानं कोकरू न्हेलं. तुझी आई म्हणतीया, येत्या गुरवारी बाजार दाखवायचा."

रोहिणी रडवेली झाली. "आबा, ह्यानं टिकंल म्हणून सांगितलं हुतं," ती म्हणाली आणि तिने बोट दाखवले ते माझ्याकडे! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्यात दादासाहेब सरांनी माझ्या डोक्यावर थाप मारली. "मशीनच बिघडलंय."

पण पोरगी शहाणी. डोळे पुसून तिने विचारले, "आबा, पेटी लावल्यापासनं काय काय केलं?"

"काय करणार? पणदऱ्याला खतासाठी मेंढरं बसवली हुती. सकाळी दुसऱ्या वावरात न्हेयाची, म्हणून पेटीची तार सोडली. सांजच्याला पुन्हा जोडली."

"सोडताना पेटी बंद केली हुती?"

"बंद कशापायी? दावं सोडताना कुणी खुटा उपटतंय व्हय?"

रोहिणी माझ्याकडे वळली. मग तिने ट्रान्झिस्टरची खरी हद्द माहितीपुस्तकातून काढून मला घातली आणि पेटी चालूच ठेवून पडद्यावरची तार सोडली. झाले! तारेत जायचा झटका उलटा फिरला आणि व्होल्टेज हद्दीवर जाऊन आदळले. माझा ट्रान्झिस्टर पहिल्यांदाच भंगला. इतकी वर्षे हेच तर मला दाखवायचे होते!

"तार सोडण्याआधी पेटी बंद करा, अशी पाटी लावू," सर म्हणाले.

"आबा रोज तार सोडणार, सर. पेटीनंच ते सोसलं पायजे," रोहिणी म्हणाली. तिने पडद्यावर उलटा झटका पिऊन टाकणारा एक भाग जोडला. मी पुन्हा ‘टिकेल’ म्हणालो. या वेळी मनापासून. मग खऱ्या पेटीत तिने तोच भाग आणि नवा ट्रान्झिस्टर बसवला. दिवा आधी थेट बॅटरीवर जळायचा, तोही तारेवर घेतला, म्हणजे तारेत झटका असेल तरच तो लुकलुकेल.

गुरुवारच्या आधी जोतीरामांनी तार सोडली, पुन्हा जोडली. दिवा लुकलुकत होता, तरी सारजाबाईंचा विश्वास बसेना. त्यांनी तारेला बोट लावले, किंचाळल्या आणि बाजार रद्द झाला. हे रोहिणीने पेढे वाटताना सांगितले. पेढ्यांचा हात तसाच माझ्या बटणांना लावला, तेही मी सोसले.

पुढे नवे संगणक आले आणि मला कोठीत टाकले. त्याचे मला फारसे दुःख नाही. पण मित्रांनो, मखमल पांघरणे म्हणजे काळजी घेणे नव्हे. नव्या संगणकाला काही विचाराल, तर त्याला सगळे सांगा, कोण कुठली तार सोडणार आहे तेही. मी बंद पडलो तर बटण दाबले की पुन्हा उठतो. ते कोकरू उठले नाही.