दुपारचं पाणी

दादा जलशुद्धीकरण केंद्रात टाक्यांवर कामाला होता आणि त्याची धाकटी बहीण तसल्याच टाक्या कॉम्प्युटरवर चालवायची. पाणी टाकीत कुठून शिरतं, कुठे घुटमळतं, त्यातला गाळ तळाला बसतो की वाहून जातो, हे तिचं मॉडेल दाखवायचं. वडील गेल्यावर दादानेच तिला शिकवलं होतं. "मी तीस वर्षं बाटलीत पाणी धरून बघतोय, ही खुर्चीत बसून बघते," असं शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगताना त्याची छाती फुगायची.

केंद्रात नवी टाकी बांधायची ठरली आणि तपासणीचं काम तिच्याच कंपनीकडे आलं. तिने मॉडेल चालवलं. सकाळचं पाणी ठीक होतं. दुपारी मात्र उघड्या कालव्यातून तापून आलेलं पाणी टाकीतल्या गार पाण्यावर चढायचं आणि वरूनच थेट बाहेर पडायचं. बारीक कणांना खाली बसायला वेळच मिळत नव्हता. टाकीच्या तोंडाशी भोकांची एक आडवी भिंत घातली की निम्म्याहून जास्त दुखणं जात होतं.

तिच्या साहेबांनी आकडे पाहिले. "भिंत नकाशात नाही. नकाशा मंजूर झालाय. पाण्याचं तापमान सगळीकडे सारखं धर."

"पण ते सारखं नसतं, सर."

"मॉडेलमध्ये असायला काय हरकत आहे?"

तिने तीन दिवस चालढकल केली. चौथ्या दिवशी तापमान सारखं धरलं. पडद्यावर कण मुकाट्याने तळाला जाऊन बसले. तिने अहवालावर सही केली.

टाकी सुरू झाली आणि पहिल्याच उन्हाळ्यात दुपारी नळांना गढूळ पाणी येऊ लागलं. एका वस्तीतली मुलं आजारी पडली, दोन दवाखान्यात पोचली. चौकशी बसली. टाकी चांगली आहे, असं अहवालच सांगत होता. म्हणजे चूक माणसाची. दुपारच्या पाळीला दादा असायचा. त्याने तुरटी कमी घातली असं ठरवून त्याला घरी बसवलं.

"उलट मी जास्तच घालत होतो," तो जेवता जेवता म्हणाला. "तरी निवळेना. तुझ्या मॉडेलमध्ये असं काही दिसलं नव्हतं का गं?"

वहिनी वाढता वाढता थांबली.

"दिसलं होतं," बहीण म्हणाली. "मी लिहिलं नाही."

दादाने मान वर केली नाही. ताटातलं संपवलं, हात धुतले आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी पहिले आकडे घेऊन ती चौकशी समितीपुढे गेली. अध्यक्षांनी कागद उलटसुलट करून पाहिले.

"हे खरं मानलं, तर अहवाल खोटा. त्यावर सही कुणाची?"

"माझी."

"आणि हा कर्मचारी तुमचा कोण?"

"सख्खा भाऊ."

अध्यक्ष शेजारच्याकडे बघून किंचित हसले. भावाला वाचवायला बहिणीने मागाहून आकडे रचले, असं समितीने लिहिलं. कंपनीने तिला आठवड्याभरात काढलं. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना दादाची नोकरी गेली ती गेलीच.

पुढच्या वर्षी टाकीत भिंत घातली गेली. कागदोपत्री तिला देखभालीचं काम म्हटलं. जुन्या सोबत्याकडून दादाला ते कळलं, आणि बहीण भेटायला आली तेव्हा त्यानेच विषय काढला.

"दुपारचं पाणी आता बरं येतं म्हणे."

"मीही ऐकलं."

मग तो म्हणाला, "लोक विचारतात, बहिणीवर राग आहे का. मी नाही म्हणतो."

तिने त्याच्याकडे पाहिलं.

"ते लोकांसाठी," तो म्हणाला. "तू खरंखोटं ओळखतेस, म्हणून तुला तसं सांगत नाही."

वहिनीने चहा आणून ठेवला होता. तो न घेताच बहीण उठली. थांब, असं कुणी म्हटलं नाही.