डोंगराकडची बाजू

"हा सात दिवसांचा पास. हा महिनाभरातल्या कुठल्याही पाच दिवसांचा. आणि ही नुसती जाऊन-येऊन तिकिटं." लेकीनं तिन्ही माहितीपत्रकं जेवणाच्या टेबलावर पत्त्यांसारखी मांडली. "बाबा, बघताय ना?"

"बघतोय की," मिस्त्री म्हणाले.

आणि ते खरोखरच बघत होते. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून दोन महिने झाले होते, तेव्हापासून त्यांच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. स्वयंपाकघरातली फरशी एका कोपऱ्यात बसलीय, समोरच्या इमारतीचा सज्जा कललाय, ओळंब्यात नाही, लेकीच्या कानामागे पांढरे केस आलेत; सगळं दिसत होतं आणि सगळं ते बोलूनही दाखवत होते. त्याच भरात, जन्मात कधी स्वतःसाठी काही न मागणारा हा माणूस एका सकाळी म्हणाला होता, "एकदा डोंगरात जाऊन येऊ. आगगाडीनं."

लेकीनं तो शब्द खाली पडू दिला नव्हता. औषधांच्या दुकानात बावीस वर्षं काढलेली बाई ती. डॉक्टरांचं किरटं अक्षर वाचण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, तिथं रेल्वेच्या वेळापत्रकाची काय कथा! तीन दिवस दुकानातून आली की ती पेन्सिल घेऊन बसत होती.

"सात दिवसांचाच घेऊ," ती म्हणाली. "सगळ्या जलद गाड्यांना चालतो. नव्या बोगद्यातून गाडी चाळीस मिनिटांत वर नेते. मऊ खुर्च्या, गार हवा. तुमच्या गुडघ्यांनाही बरं."

"घाटातली जुनी गाडी असते ना अजून?"

"असते. साडेतीन तास लावते. लाकडी बाकं. आणि तिला हा पास चालत नाही, तिचं तिकीट वेगळं काढावं लागतं."

"मग तिचंच काढ."

लेकीनं पेन्सिल खाली ठेवली. खिडकीशी बुटांना पॉलिश करत बसलेला जावई हसला. "आली का पंचाईत! बाबा, त्या बोगद्याची लोकांनी तीस वर्षं वाट बघितली, आणि तुम्ही..."

"बोगद्यात काय दिसतं?" मिस्त्री म्हणाले. "अंधार बघायला डोळे करून घेतले का मी?"

लेक मनातून चिडली होती. बाबांचं हे असंच. हवं ते एका वाक्यात सांगायचं आणि का हवं ते पोटात ठेवायचं. पण चिडली तरी हार मानणाऱ्यातली नव्हती ती. तिनं पुन्हा कागद ओढला, खाडाखोड केली, ओठ चावला आणि थोड्या वेळानं तिचा चेहरा उजळला.

"हे बघा. पहिल्या दिवशी घाटाचं वेगळं तिकीट काढायचं आणि पास दुसऱ्या दिवसापासून सुरू करायचा. मग पाच दिवसांचाच पुरतो, एकही दिवस वाया जात नाही. उतरताना मात्र बोगदा. कबूल?"

"कबूल," मिस्त्री म्हणाले. मग जावयाकडे वळून हळूच, "डोकं आईचं आहे."

दुसऱ्या दिवशी दोघं स्टेशनवर गेली. जावयाला रजा नव्हती, त्यामुळे बापलेकच जाणार होती. आरक्षणाच्या खिडकीमागे चष्मा कपाळावर चढवलेला कारकून बसला होता. पाससाठी त्यानं भराभर शिक्के मारले. घाटाच्या गाडीचं नाव काढताच मात्र त्यानं मान हलवली.

"दरीच्या बाजूच्या जागा संपल्या. त्या महिनाभर आधीच जातात. पुढचा आठवडा बघू?"

"दरी नको," मिस्त्री खिडकीशी वाकून म्हणाले. "डोंगराकडची बाजू द्या."

कारकुनानं पहिल्यांदाच वर बघितलं. "काका, त्या बाजूला बघण्यासारखं काही नाही हो. नाकासमोर नुसत्या दगडी भिंती."

"त्याच."

"बरं बाबा, तुमची मर्जी. तसंही अर्ध्या वाटेवर गाडी उलटी फिरते. इंजिन सोडवून मागच्या टोकाला लावतात. मग दरी तुमच्या बाजूला येईल, काळजी करू नका."

"नाही येणार," मिस्त्री म्हणाले. "गाडी उलटी चालायला लागते, डोंगर आपल्या जागेवर असतो. एकाच उतारावर ती आधी इकडून तिकडं चढते, मग तिकडून इकडं. बाजू तीच राहते, फक्त तोंड फिरतं. म्हणून सुरुवातीला इंजिनाकडे पाठ असलेल्या जागा द्या. फिरल्यावर आपोआप पुढं तोंड होतं."

रांगेत मागे कुणीतरी खाकरलं. कारकुनानं एका चिठोऱ्यावर दोन तिरक्या रेघा ओढल्या, पेनाचं टोपण गाडीसारखं एका रेघेवरून वर नेलं, टोकाशी थांबवलं आणि न फिरवता दुसऱ्या रेघेवरून मागे सरकवलं. असं त्यानं दोनदा केलं. शेजारच्या खिडकीतली बाईही मान वाकडी करून बघायला लागली.

"अरेच्चा!" तो म्हणाला. "एकोणीस वर्षं मी लोकांना खुशाल उलटं सांगत आलोय. काका, तुम्ही त्या गाडीवर होता का?"

"गाडीवर नव्हतो. गाडीच्या आधी होतो."

कारकुनानं तिकिटं नेहमीसारखी सरकवली नाहीत, उठून हातात दिली. लेक ते बघत राहिली. आईशी लग्न झाल्यावर चार वर्षं बाबा कुठल्याशा डोंगरात कामाला होते, एवढंच तिला माहीत होतं. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "तुम्ही तिथं होता? मग बोलला का नाहीत कधी?"

"तिथं गेल्यावर सांगतो. इथून काय दिसणार?"

घाटाची गाडी खरोखरच रमतगमत निघाली. दरीच्या बाजूला माणसांची झुंबड, फोटो, आरडाओरडा. इकडे चौघंच: मिस्त्री, लेक आणि समोर एक नवराबायको, ज्यांना उशिरा तिकीट काढल्याचा पश्चात्ताप होत होता. "तुम्हालाही हीच बाजू मिळाली का?" त्यातली बाई हळहळून म्हणाली.

"मागून घेतली," लेक म्हणाली. का ते तिलाही अजून सांगता आलं नसतं.

अर्ध्या वाटेवर एका लहानशा स्टेशनात गाडी थांबली. इंजिन सुटलं, बाजूच्या रुळावरून मागं गेलं आणि धक्का देऊन दुसऱ्या टोकाला जोडलं गेलं. गाडी चालू झाली तेव्हा बापलेकीची तोंडं पुढं झाली होती. मिस्त्रींनी शर्टाचं वरचं बटण लावलं, केसांवरून हात फिरवला आणि ते गुडघ्यावर जोर देऊन उभे राहिले.

"पडाल, बसा."

"पुलानंतर बघ," ते म्हणाले.

पूल गेला. एक वळण आलं आणि डोंगराच्या कुशीत भिंत सुरू झाली. काळी, दोन पुरुष उंच, हातभर अंतरावर. गाडी चढाला इतकी मंदावली होती की एकेक दगड वेगळा दिसत होता. लहान, मोठे, कुणी तिरका, कुणी चपटा, पण सगळे असे बसलेले, की मधे सुई जाऊ नये. भिंतीत भोकांच्या तीन ओळी होत्या आणि झाडून सगळ्या भोकांतून पाण्याची बारीक धार पडत होती.

"सगळी चालू आहेत," मिस्त्री म्हणाले. "एक बुजलं नाही."

"ही तुम्ही बांधली?"

"हात माझे. भिंत तुझ्या आईची."

लेक खिडकीशी सरकली.

"हजेरीपटावर ती बिगारी. डोक्यावरून दगड वाहायची. पण उचलायच्या आधी प्रत्येक दगड फिरवून बघायची. कुठला कुठं बसेल ते तिला आधीच कळायचं. ती जोडीला असली की माझी छिन्नी निम्मी चालायची. आणि ही भोकं... साहेबांच्या नकाशात एकच ओळ होती. ती म्हणाली, मी रोज इथूनच पाणी भरते, इथं डोंगर आतून ओला आहे, तीन ओळी ठेवा. मी साहेबांशी भांडून तीन ठेवल्या. अलीकडची भिंत दुसऱ्या टोळीची होती. ती दुसऱ्याच पावसाळ्यात झोपली. ही अठ्ठेचाळीस वर्षं उभी आहे."

"आई कधीच बोलली नाही."

"मला पण बोलू दिलं नाही. म्हणायची, पोरगी शिकतेय, तिला कशाला सांगायचं आईनं दगड वाहिले म्हणून?"

भिंत अजून सरकत होती. लेकीला आपला कॉलेजचा प्रवेशअर्ज आठवला. त्यात 'आईचा व्यवसाय' असं लिहिलं होतं आणि तिनं पुढं लिहिलं होतं, 'काही नाही'. आईनं विचारलं होतं, काय लिहिलंस गं? तिनं वाचून दाखवलं होतं. आई म्हणाली होती, बरोबर. आईला जाऊन आता सहा वर्षं झाली होती.

शेवटचा दगड मागे गेला. मिस्त्री सावकाश खाली बसले.

"काय होतं हो तिथं?" समोरच्या बाईनं विचारलं.

"माझ्या आईनं बांधलेली भिंत," लेक म्हणाली. औषधांच्या दुकानात कमी ऐकू येणाऱ्यांसाठी ती जसा आवाज काढायची, तसा तो निघाला. दरीच्या बाजूची डोकी वळली. "अठ्ठेचाळीस वर्षं उभी आहे. गाडी वर जाते ती तिच्या जिवावर."

एक-दोघं उठून इकडच्या खिडकीशी आले, वाकून मागं बघू लागले. समोरच्या बाईनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "बघा, आणि तुम्ही म्हणत होता काही नाही इकडं." मिस्त्री खाली बघत होते, पण त्यांची मान ताठ होती.

पुढच्या वळणावर आणखी एक भिंत आली. तशीच काळी, तशीच ओली. ती कुणी बांधली, हे सांगणारं त्या डब्यात कुणी नव्हतं. मिस्त्रींनी तिच्या बुडापासून माथ्यापर्यंत नजर फिरवली आणि मान डोलावली.

"चांगलं काम आहे," ते म्हणाले.

लेकीनं खिडकीतून हात बाहेर काढला. गाडी हळू होती. थंड पाण्याचे चार थेंब तिच्या तळव्यावर पडले.