बांगड्यांच्या कागदाचे विमान

मित्रांनो, माझे वजन तीन पोस्टकार्डांएवढे भरेल. मी रबराच्या पिळावर उडणारे एक छोटे विमान आहे आणि आता बरेच जुने झाले आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना हळव्या होतात आणि सगळ्यांना माफ करून टाकतात. मला ते जमणार नाही. एका माणसाचा राग मी अजून जपून ठेवला आहे, आणि तो का, ते तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म अमरावतीला मुलींच्या एका शाळेत झाला. तिथल्या शिवणकामाच्या मनकर्णाबाईंनी मला घडवले. त्यांचे वडील पुंजाजी तायडे नांदगाव खंडेश्वरकडचे, दुसऱ्याच्या शेतात राबून लेकीला शिकवणारे. बाईंनी बांबूच्या कामट्या तासून तासून माझे पंख केले. ज्वारीच्या धांड्यातला भेंड, म्हणजे ताटाच्या आतला हलका गाभा, अंगाला वापरला. पुढचा पंखा पांगाऱ्याच्या लाकडाचा. बांगड्यांच्या खोक्यात येतो तो तलम कागद त्यांनी बाभळीच्या पातळ डिंकाने माझ्या पंखांवर चिकटवला. माझ्या पोटाखाली सायकलच्या ट्यूबची बारीक पट्टी ताणून बसवली आणि तिला एरंडेलाचे बोट लावले. रबर मऊ राहावे आणि पीळ सहन करावा म्हणून.

मला बाहेरचे वारे सोसत नाही. म्हणून रविवारी दुपारी बाई प्रार्थनेच्या हॉलच्या सगळ्या खिडक्या लावून घेत. शाळेच्या शिपाई गोदाबाई बाहेरून दाराला पाठ लावून बसत, कोणी दार उघडू नये म्हणून. आत उकाड्याने बाईंच्या अंगाचे पाणी पाणी होई, पण त्या पंखा लावत नसत. बोटाने पीळ भरून त्या मला अलगद सोडत. मी हॉलला गोल फेऱ्या मारत वर चढे आणि खाली यायला एका मिनिटाहून जास्त वेळ घेई. बाई मान वर करून माझ्यामागे फिरत. ते दिवस माझे फार सुखाचे होते.

मग खुशालराव सर आले. ते गावातल्याच मुलांच्या शाळेत विज्ञान शिकवत. त्यांच्या वडिलांचे जिन होते, म्हणजे कपाशीतून सरकी काढायचा कारखाना. त्यामुळे यंत्रांतले आपल्याला सगळे कळते असा त्यांचा पक्का समज होता. अकोल्याला शिक्षकांनी केलेल्या वस्तूंचे प्रदर्शन भरणार होते. मुलींच्या शाळेला बोलावणे नाही, मीच तुमचे विमान घेऊन जातो, नाव तुमचेच लागेल, असे ते बाईंना म्हणाले. बाईंनी विश्वास ठेवला. रबराला एरंडेलच लावा, दुसरे काही नको, असेही त्यांनी बजावून सांगितले.

एरंडेल ऐकून सर हसले. घरी नेल्यावर त्यांनी माझ्या रबराला जिनातले मशीनचे तेल चोपडले. एकदा नव्हे, आठ दिवस रोज. त्या तेलाने रबर फुगते आणि सडते, हे त्यांना ठाऊक नव्हते. मला मात्र ते आतून कळत होते. रबर दिवसेंदिवस लिबलिबीत होत होते आणि मित्रांनो, खरे सांगते, मला आनंद होत होता. कारण माझ्या अंगावर त्यांनी तोवर शाईने आपले नाव लिहून टाकले होते.

प्रदर्शनाचा छापील कागद मुलींच्या शाळेतही पोचला. त्यात माझ्यापुढे खुशालरावांचे नाव होते. खाली लिहिले होते की ज्याचे काम सरस ठरेल त्या एकाच शिक्षकाला सहा महिने नागपूरला विमानांचे काम शिकायला पाठवतील. बाईंनी तो कागद वाचला आणि भांडायला न जाता एरंडेलात भिजवलेली नवी रबराची पट्टी डबीत घेतली. मूर्तिजापूरवरून एस.टी.ने त्या अकोल्याला आल्या. नाव कोणाचेही लागो, मी पडू नये एवढेच त्यांना हवे होते. त्यांचा हा भोळेपणा मला मुळीच आवडला नाही.

एका जिनाच्या रिकाम्या गोदामात प्रदर्शन होते. कापसाचा हंगाम सुरू व्हायला अवकाश होता. बाईंनी सरांना गाठून डबी पुढे केली.

"सर, रबर बदलून घ्या. याले मशीनचा वास येऊन राह्यला."

"आमच्या जिनातल्या साऱ्या मशिनी याच तेलावर चालतात, बाई," सर म्हणाले. "मले नोका शिकवू. तिकडे बायांत जाऊन बसा."

बाई मागे जाऊन बसल्या. तेव्हाच मी ठरवले की आता या माणसाला सोडायचे नाही.

परीक्षक होते शिक्षण खात्यातले जानराव साहेब. सगळे गोदाम दीडशे माणसांनी भरले होते. सरांनी पीळ भरला, ऐटीत हात वर केला आणि मला चेंडूसारखे फेकले. त्याच क्षणी रबर तटकन तुटले. मी जानराव साहेबांच्या पायाशी नाकावर आपटले, डाव्या पंखाची कामटी मोडली, पण दुखले म्हणून मी रडले नाही. मी सरांच्या तोंडाकडे पाहत होते. ते आधी लाल झाले, मग पांढरे पडले. लोक हसू लागले. तेव्हा स्वतःला वाचवायला सर मोठ्याने म्हणाले,

"साहेब, हे इमान माझं नाही. मुलींच्या शाळेतल्या मनकर्णाबाईनं केलं हाये. म्या फक्त आणलं."

दीडशे माणसांनी ते ऐकले. खापर बाईंच्या डोक्यावर फुटावे म्हणून त्यांनी तोंड उघडले होते, पण खरे तेच त्यांच्या तोंडून निघून गेले होते. आता ते शब्द परत गिळता येणार नव्हते.

बाई उठून पुढे आल्या. साहेबांकडे त्यांनी थोडा वेळ मागितला. पदराचा एक दोरा काढून मोडकी कामटी गुंडाळली, सडके रबर काढून डबीतले नवे बसवले आणि गोदामाची दारे लावायला सांगितली. मग बोटाने दोनशे पीळ सावकाश भरले. मला फेकले नाही, नुसते हातातून जाऊ दिले.

मी वर चढले. छपराखालच्या कैच्यांना गेल्या हंगामातली रुई चिकटून लोंबत होती, तिथवर गेले. खाली दीडशे माना माझ्यामागे फिरत होत्या. उतरताना मला एक दुष्टपणा सुचला, तोही कबूल करते. मी खुशालरावांच्या टोपीवरून तीन फेऱ्या घातल्या. तिसऱ्या फेरीला ते घाबरून खाली वाकले आणि सारे गोदाम पुन्हा हसले. एक मिनिट चाळीस सेकंदांनी मी जमिनीला टेकले. जानराव साहेबांनी घड्याळ खिशात ठेवले आणि नागपूरच्या कागदावर मनकर्णाबाईंचे नाव लिहिले.

सर लगेच जवळ आले. आपण तर आधीपासून बाईंचेच नाव सांगत होतो, असे ते साहेबांना सांगू लागले. बाईंनी मला उचलून त्यांच्या हातात दिले.

"सर, एवढ्या हौशीनं आणलं तुमी. आता तुमच्याच शाळेत राहू द्या. साहेबांची परवानगी घेतली हाये."

मला क्षणभर वाईट वाटले. पण बाईंनी माझ्यासोबत स्वतःच्या अक्षरातली एक चिठ्ठी दिली होती. साहेबांच्या सांगण्यावरून ती मुलांच्या शाळेतल्या विज्ञानाच्या खोलीत, काचेच्या पेटीत, माझ्या शेजारी लावली गेली. 'हे विमान घडवणारी मनकर्णा पुंजाजी तायडे, १९५८.' तेव्हा मला कळले की माझ्या बाई मला वाटल्या तेवढ्या भोळ्या नव्हत्या.

पुढची अकरा वर्षे खुशालराव सर त्याच खोलीत शिकवत होते. दर वर्षी नवा वर्ग आला की कोणीतरी विचारायचेच की सर, ह्या कोण? आणि दर वर्षी सरांना सांगावे लागायचे.

मित्रांनो, आता मला कोणी उडवत नाही. जुन्या वस्तू शेवटी आपली काळजी घ्या म्हणतात, तसे मीही म्हणते. माझ्या पंखांवरची धूळ राहिली तरी चालेल. पण चिठ्ठीसमोरची काच रोज पुसा. सर निवृत्त झाले असले तरी कधीमधी शाळेत येतात, आणि त्यांना ती चष्म्याशिवाय वाचता आली पाहिजे.