भाऊलुबाडे थांबा

शहरात घोड्यांची ट्राम सुरू झाली तेव्हा कंपनीने रूळ टाकले, घोडे घेतले, कंडक्टरांना पितळी बटणांचे कोट शिवले. थांब्यांवर पाट्या लावायच्या तेवढ्या राहून गेल्या. कंडक्टर ओरडेल ते थांब्याचं नाव. कंपनीच्या दृष्टीने ही काटकसर होती. आमच्या कंडक्टरला मात्र आभाळ ठेंगणं झालं.

कारण त्याच्या थोरल्या भावाचं छत्र्यांचं दुकान नेमकं एका थांब्यासमोर होतं. दुकान वडिलांचं, म्हणजे दोघांचं. वडील गेल्यावर थोरल्याने याला बाहेर काढलं आणि वर गावभर सांगितलं, "त्यानं हौसेनं सोडलं." दुकान गेल्याचं धाकट्याने कसंबसं गिळलं, ते 'हौसेनं' मात्र घशात अडकलं. थोरल्याच्याच तोंडून, चारचौघांत, खरं वदवून घ्यायचं, एवढी एकच इच्छा त्याला उरली.

पहिल्याच दिवशी त्याने दुकानासमोर घंटा ओढली आणि आवाज लावला, "भाऊलुबाडेऽ! भाऊलुबाडेवाले उतराऽ!"

लोक हसत उतरले. पुढे हसेनासे झाले, कारण नाव अंगवळणी पडलं. डॉक्टर आपला पत्ता 'भाऊलुबाडेच्या अलीकडे' असा सांगू लागले. थोरला तणतणत कंपनीत गेला. साहेब म्हणाले, "नाव सुटसुटीत आहे. प्रवाशांना आवडतं."

मग वहिनी गाडीत आल्या. "भावोजी, पुरे करा आता."

"तिकीट कुठलं देऊ, वहिनी?"

"भाऊलुबाडे. दुसरं काही म्हटलं तर उतरवतंय कोण मेलं!"

थोरला हट्टाने पायी हिंडत राहिला. शेवटी गुडघ्यांनी दगा दिला आणि एका संध्याकाळी तो भरल्या गाडीत चढला.

"कुठे?" कंडक्टरने विचारलं.

"तुला माहीत आहे."

"नाव सांगितल्याशिवाय तिकीट नाही, शेठ."

"छत्र्यांच्या दुकानाशी."

"असा थांबा नाही."

मागून एक म्हातारी वैतागली. "अहो, भाऊलुबाडे म्हणा की! आम्ही रोज म्हणतो, जीभ झडली नाही अजून."

"भाऊलुबाडे," थोरला पुटपुटला.

"जरा मोठ्याने. घोड्यांनाही कळू दे कुठे थांबायचं."

"भाऊलुबाडे! लुबाडलं मी तुला! हौस नव्हती तुला, मीच हाकललं! झालं समाधान?"

कंडक्टरने तिकीट फाडून अदबीने हातात दिलं. "झालं, दादा."

दादाला वाटलं, मिटलं. गाडीतल्या सगळ्यांनाच वाटलं. म्हातारीने तर पदराने डोळेही टिपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर घंटा वाजली.

"भाऊलुबाडेऽ! उतराऽ! त्यांनी स्वतः कबूल केलंय होऽ!"