पाचवं ‘का’

बुचो, म्हणजे विभागप्रमुख, कुसाकाबे यांच्या विभागात सत्तावीस माणसं होती आणि सत्तावीसच्या सत्तावीस दिवसभर वाट बघत बसायची. नागोयातली ही कचेरी कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. प्रत्येकाच्या संगणकावर एक छोटा प्रॉक्सी सर्व्हर होता. बनत असलेलं पान त्याच्याकडे मागणी करायचं, तो ती योग्य सर्व्हरकडे पोचवायचा, पण पोचवण्याआधी ढिम्म बसून राहायचा. लोकांनी त्यातही सोय शोधली होती. कुणी तेवढ्यात संत्रं सोलायचा, कुणी मान मोडून घ्यायचा. तक्रार कुणी केली नव्हती. सोसेल तो शहाणा आणि विचारेल तो नवखा, असा तिथला हिशेब.

मिझोगुची चिनात्सु नवखीच होती. एजन्सीने पाठवलेली, करारावरची. करार मार्चअखेर संपणार होता आणि तीन वर्षांत ही तिची चौथी कचेरी होती. पाचव्या ठिकाणी जाऊन पुन्हा सगळ्यांपुढे कमरेत वाकून ओळख करून द्यायचा तिला मनापासून वीट आला होता. फेब्रुवारीत गटप्रमुख ओकुयामा तिच्या टेबलाशी आला.

“मिझोगुचीसान, हा प्रॉक्सी का रखडतो ते बघता का जरा? सापडलं तर तुमचा करार वाढवायचं बुचोंच्या कानावर घालतो.”

तिने मोजायला घेतलं. मागणी छोटी असो की मोठी, सकाळ असो की दुपार, उशीर बरोबर पाच सेकंदांचा. दमलेलं यंत्र कधी कमी दमतं, कधी जास्त. इतकं नेमकं थांबायचं तर कुणीतरी थांबायला सांगितलेलं असावं लागतं. तिने सेटिंग उघडलं. सर्व्हरचा पत्ता कुणाकुणाला विचारायचा याची तिथे यादी होती, आणि यादीत पहिलं नाव कुसाकाबे बुचोंच्या जुन्या संगणकाचं होतं. तो दोन वर्षांपूर्वीच भंगारात गेला होता. तरी प्रत्येक मागणी आधी त्या भंगाराला पत्ता विचारायची, पाच सेकंद अदबीने उत्तराची वाट बघायची आणि मगच दुसऱ्याकडे जायची. तिने ती ओळ काढली. पान झटकन उघडलं.

आता रिवाजाप्रमाणे बैठक. चूक सापडली की पाच वेळा ‘का’ विचारायचं आणि उत्तरात माणसाचं नाव घ्यायचं नाही. ओकुयामा फळ्यावर लिहू लागला. प्रॉक्सी का रखडतो? बंद यंत्राची वाट बघतो म्हणून. का बघतो? यादीत ते पहिलं आहे. का आहे? सगळ्यांनी यादी विभागाच्या माहितीपुस्तकातून उतरवली. पुस्तक का बदललं नाही? बदलाच्या अर्जावर शिक्का पडला नाही. मग शिक्का का पडला नाही?

शिक्का बुचोंच्या खणात होता आणि अर्जही दोन वर्षं त्याच खणात होता. तो अर्ज खुद्द ओकुयामाने दिला होता, पण तोही फळ्याकडे असा बघत होता, जणू अक्षर दुसऱ्याचं आहे.

बुचोंनी मिटलेले डोळे उघडले. “खरंच, का बरं पडला नसेल?”

सगळ्यांच्या माना मिझोगुचीकडे वळल्या. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला करारावरचं माणूस बरं असतं. तिने मार्चचा विचार केला.

“निकामी यंत्राचं नाव काढायची पद्धतच ठरलेली नव्हती,” ती म्हणाली.

“बघा,” बुचो खूश झाले, “मुळापर्यंत जाणं म्हणतात ते हे. ओकुयामा, ही पद्धत मिझोगुचीसानच लिहू देत. सहा महिने लागतील ना?”

“लागतील. त्यांचा करार मात्र मार्चमध्ये…”

“वाढवा की मग.”

“आणि ती काढलेली ओळ, बुचो?”

“परत घाला. पद्धत नसताना काढली, ही बेशिस्त झाली.”

तिला आनंद झाला, आणि झाला याचीच लाज वाटली. तिने ओळ परत घातली. ओकुयामाने शेजारी उभं राहून तपासणीच्या कागदावर खूण केली आणि खिशातून एक संत्रं काढून तिच्यापुढे ठेवलं.

“सवय होते हो. मी पाच सेकंदांत अख्खं सोलतो.”

तिने बटण दाबलं आणि संत्रं हातात घेतलं. पान उघडलं तेव्हा तिचं अर्धं सोलून झालं होतं.