पालथी तपासणी

डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ताईला आठ दिवस पालथं पडून राहायची शिक्षा होती. उजव्या डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला होता. तो आतून पडद्याला टेकून राहायला हवा, म्हणून मान वर करायची नाही. केली तर डोळा गेला समजा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पलंगाच्या डोक्याकडे भोक असलेली फळी बसवली होती. त्या भोकात तोंड घालून ताई दिवसभर फरशीकडे बघायची, नळीने चहा प्यायची आणि जमिनीला उद्देशून सगळ्या घराला हुकूम सोडायची.

सगळं घर म्हणजे तिचा धाकटा भाऊ. ग्रंथालयातून निवृत्त झालेला, एकटा, भिडस्त. आठवडाभर ताईच्या सेवेला आला होता, पण सेवा ताईची कमी आणि बाहेरच्या खोलीतल्या टाकीची जास्त घडत होती. पाच फुटांची काचेची टाकी, तिच्यात खारं पाणी, सात मासे आणि प्रवाळं. मधलं जांभळं, फांद्याफांद्यांचं प्रवाळ अकरा वर्षांपूर्वी अंगठ्याएवढं होतं. आता दोन हातांच्या कवेत मावलं नसतं. ताई दातांची डॉक्टर. दवाखाना बंद केल्यावर उरलेली सगळी माया तिने त्या झाडावर ओतली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला ते बुंध्याशी पांढरं दिसलं. अर्धा तास भिंगातून बघून तो पलंगापाशी गेला.

"ताई, तुझं ते मोठं प्रवाळ जरा पांढरं वाटतंय."

"वाटतंय की आहे?"

"आहे. बहुधा."

"बहुधा! अरे शंकासुरा, टोकाकडून की बुंध्याकडून?"

"बुंध्याकडून. एकाच बाजूने. म्हणजे मागची बाजू नीट दिसत नाही."

"पाण्याचं तापमान?"

"सव्वीस."

"क्षारांची चाचणी?"

"थेंब मोजले. बारा आले. मग परत मोजले तर तेरा."

"तिसऱ्यांदा मोजू नकोस, चौदा येतील. आता ऐक. यात दोन दुखणी असतात. एकात नुसता रंग उडतो. मांस जागेवरच असतं, पण काचेसारखं होतं, म्हणून खालचा सांगाडा दिसतो. ते जगू शकतं. दुसऱ्यात मांसच सुटतं आणि उघडा सांगाडा राहतो. लांबून दोन्ही सारखीच. बोट लावलं की कळतं. बुळबुळीत लागलं तर पहिलं, खरखरीत लागलं तर दुसरं. हात घालून पाहिलास?"

अकरा वर्षांत तिने कुणाला त्या पाण्याला बोट लावू दिलं नव्हतं. तो टाकीपुढे नेहमी हात पाठीमागे बांधूनच उभा राहायचा. झोपलेल्या परक्या माणसाच्या गालाला हात लावावा, तसं काहीतरी त्याला ते वाटायचं. "नाही" म्हणायचं त्याच्या मनात होतं. पण तोंडून निघालं, "हो."

"मग?"

"बुळबुळीत."

"सुटलो बाबा! म्हणजे उजेड जास्त झालाय. दिवे निम्म्यावर आण आणि दोन दिवस त्याला त्रास देऊ नकोस."

त्याने दिवे निम्म्यावर आणले. त्या अंधूक उजेडात त्याला मासेसुद्धा पांढरे वाटू लागले. ताईच्या जाड पुस्तकात एकाच प्रकारचं चित्र दोन रोगांखाली सापडलं. मासे विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "पाणी बदला." अर्ध्या तासाने त्याचाच फोन आला, "पाणी मुळीच बदलू नका." त्या अर्ध्या तासात टाकीत हात घालावा, असं भावाच्या तीनदा मनात आलं. पण आता हात लावणं म्हणजे आधी लावला नव्हता हे कबूल करणं, निदान स्वतःशी. त्यापेक्षा त्याने पुस्तकाचं पुढचं प्रकरण उघडलं.

दुसऱ्या दिवशी पांढरा भाग चार बोटं वर सरकला होता. जांभळ्या मांसाची एक चिंधी पाण्याच्या ओढीत फडफडत होती. ती सुटली, एका माशाने तोंडात घेतली आणि थुंकून दिली.

"ताई, काल मी हात लावला नव्हता."

तो पलंगाशी उकिडवा बसला.

"बुळबुळीत हा शब्द तू दिलास, म्हणून मी तोच उचलला."

"कमाल झाली! दुखतं डावीकडे आणि दाखवतात उजवीकडे, असे पेशंट पाहिलेत मी. पण तू?" चादर सळसळली. तिचा एक पाय जमिनीवर आला. "सरक. मी बघते."

"ताई, डोळा!"

"डोळा माझा आहे. तुझ्या भरवशावर राहून एक दिवस घालवला मी."

त्याने तिचे दोन्ही खांदे धरले आणि दाबून ठेवले. थोरल्या बहिणीवर त्याने जन्मात असा जोर केला नव्हता. "तू हलू नकोस. हवं तर मला शिव्या दे, पण पडून राहा. मी तेच इथे घेऊन येतो."

बाही वर सरकवून त्याने काखेपर्यंत हात पाण्यात घातला. बुंधा कपचीसारखा खरखरीत लागला. वर बोट गेलं तसा तो बुळबुळीत झाला, आणि बोटाबरोबर मांस भिजल्या कागदासारखं निघून आलं. त्याने एक फांदी मोडली. ते मोडणं त्याला स्वतःच्या दातांत जाणवलं. पांढऱ्या तसराळ्यात टाकीतलंच पाणी घेऊन त्याने फांदी त्यात ठेवली आणि तसराळं फळीच्या भोकाखाली सरकवलं.

ताईचा डावा डोळा खाली बघत होता. "बॅटरी धर. भिंग दे. तिरकं नको, सरळ." बराच वेळ गेला. "किडे नाहीत. अंडी नाहीत. चावल्याच्या खुणा नाहीत. मांस सुटतंय, पण ते कशाने..." ती थांबली. ताईचं वाक्य अर्धवट राहिलेलं त्याने कधी ऐकलं नव्हतं. "कळत नाही रे मला."

"पुस्तकात सतरा कारणं आहेत."

"सतरा म्हणजे एकही नाही."

"माझ्यामुळे झालं?"

"कालचा दिवस तुझ्यामुळे गेला. बाकीचं त्या पाण्यालाच ठाऊक. आता कापायचं. जिवंत टोकं वेगळी काढली तर ती पुन्हा वाढू शकतात. कारण सापडेपर्यंत थांबलो तर कापायला काही उरणार नाही. कपाटात दवाखान्याची जुनी पक्कड आहे, हाड कापायची, ती आण."

तिने दोन्ही हात पलंगाखाली सोडले. पक्कड पाण्यात उघडली, मिटली, आणि फांदीच्या शेजारचं पाणीच चावली. दुसऱ्यांदाही तेच.

"एका डोळ्याला अंतर कळत नाही. तू सांग, कुठे?"

तो फरशीवर आडवा झाला आणि तसराळ्यात बोट घातलं. मेलेल्या आणि जिवंत भागात सरळ रेघ असेल असं त्याला वाटलं होतं. तिथे नुसता गोंधळ होता. त्याने नख टेकवलं, उचललं, आणखी वर नेलं. आणखी वर. एका जागी मांस बोटाखाली हललं नाही.

"इथे. यात निम्म्याहून जास्त फांदी जाते."

"नक्की?"

"नक्की नाही. पण इथे घट्ट लागतंय."

"पक्कड तिथे टेकव, आणि तुझं बोट काढ," ताई म्हणाली. त्याने टोक धरून जागेवर नेलं आणि तिने मूठ आवळली. वरचा तुकडा सुटून पाण्यात कलंडला.

"आता पुढची फांदी आण."